गेटवरून माघारी

आधीच सांगून टाकतो, मी तापट माणूस आहे. पिंपळे गुरवात कुणालाही विचारा, दादासाहेब कसा आहे, तर सांगेल, मनाचा चांगला, पण जिभेला हाड नाही. खरं आहे ते. पन्नास वर्षं मला त्याचा अभिमान होता. आपण बाबा तोंडावर बोलतो, पोटात ठेवत नाही, असं मीच छाती ठोकून सांगायचो. त्याच जिभेनं मी माझ्या पोरीला विमानातून खाली उतरवलं. ती आजतागायत खालीच आहे.

माझा धंदा बसगाड्यांचा. चाकणच्या कंपन्यांना शिफ्टचे कामगार पोचवायचे आणि आणायचे. अकरा गाड्या आहेत. निघोज्याच्या कंपनीत सातची शिफ्ट असली, की पावणेसातला गाडी गेटला लागलीच पाहिजे. मोशीत ट्रॅफिक तुंबलं, कुरुळीला ट्रक आडवा झाला, ड्रायव्हरच्या बायकोला कळा सुटल्या, मला कारण सांगायचं नाही. "गाडी गेटला लागली का? लागली? मग बोल आता." ड्रायव्हर लोक मागं माझी नक्कल करतात, मला माहीत आहे. पण वीस वर्षांत माझी एक गाडी गेटवरून माघारी फिरली नाही. हे मी लग्नात सांगायचो, दहाव्याच्या घाटावर सांगायचो, दाढी करताना न्हाव्यालाही सांगायचो.

इंद्रायणी आमची एकुलती एक. घरात इंदू. लोहगावला उतरणारी विमानं बहुतेक आमच्या गच्चीवरनंच जातात. ही पोरगी तिसरीत असल्यापासून वर बघत बसायची आणि भाकरी थंड व्हायची. बारावीनंतर म्हणाली, "दादा, मला विमान चालवायचंय." भावकी हसली. मी नाही हसलो. म्हटलं, मी बस चालवतो, पोरगी विमान चालवेल, धंदा तर एकच आहे की! असं मी म्हणालो, आणि तिथंच माझी चूक सुरू झाली. तेव्हा मला कळलं नाही, एवढंच.

शिकली, परीक्षा दिल्या, एका विमान कंपनीत लागली. डावीकडे कॅप्टन बसतो, उजवीकडे ही, सहवैमानिक. पहिले सात-आठ महिने दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी. मग ऑगस्टमध्ये आईला फोन आला, मंगळवारी पुण्याची फेरी आहे, अकराच्या सुमाराला आपल्या घरावरून जाईन. आईलाच सांगितलं होतं तिनं, बरं का. बजावलंही होतं, दादांना एवढ्यात सांगू नकोस. पण माझ्या बायकोच्या, कौशल्याच्या, पोटात तीळ भिजत नाही.

मग काय विचारता! माझा चुलतभाऊ नवनाथ फ्लेक्सचा धंदा करतो. त्यानं एका रात्रीत वीस फुटी फ्लेक्स छापला, "पिंपळे गुरवची गगनभरारी घेणारी कन्या", इंदूचा फोटो मोठा आणि खाली आमच्या सगळ्यांचे गॉगल घातलेले फोटो. ढोल-ताशा सांगितला. गल्लीच्या तोंडाला जेसीबी उभा केला, त्याच्या बकेटमध्ये झेंडूची फुलं. विमान वरून गेलं की उधळायची. गच्चीवर सत्तर-ऐंशी माणसं, नगरसेवक, भजनी मंडळ, माझे झाडून सगळे ड्रायव्हर. आभाळ मात्र खाली आलेलं. दिघीचा डोंगर सोडा, नाशिक फाट्याचा पूल दिसत नव्हता.

सव्वाअकराला आवाज आला. विमान दिसलं नाही, नुसता ढगात घरघराट. तरी ढोल वाजला, फुलं उडाली. नवनाथच्या मोबाइलवर विमानाचं चित्र सरकत होतं, सगळे त्यावर वाकलेले. "आली, आली, दिघी गेली, आता टेकणार," असं म्हणेपर्यंत चित्र पुढं जाऊन वळलं. उंची वाढायला लागली. मोठा वळसा घालून वीस मिनिटांनी विमान पुन्हा आमच्या डोक्यावरून गेलं. ढोल पुन्हा वाजला. आणि पुन्हा तेच, खाली गेलं आणि वर आलं. मग चित्र पश्चिमेला निघालं ते मुंबईलाच गेलं.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "दादासाहेब, तुमची गाडी गेटवरून माघारी फिरली की राव!" सगळे हसले. ढोलवालेसुद्धा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुपारी एकच्या सुमाराला इंदूचा फोन आला. लोक अजून जेवतच होते. नवनाथनं हौसेनं फोन स्पीकरवर टाकला. पोरीचा आवाज असा खुशीत होता, "दादा, ऐका ना, आज काय झालं माहितीये का..."

मी तिला पुढं बोलूच दिलं नाही. "काय व्हायचं राहिलंय? गावासमोर नाक कापलंस माझं. दोनदा उतरायला गेलीस म्हणून दोनदा ढोल वाजवला मी. बाकीची इमानं उतरत्यात, तुलाच रस्ता दिसंना व्हय? एवढी भीती वाटती तर कशाला गेलीस?" आणि मग ते वाक्य. ते मी शब्दाशब्दानं सांगू शकतो, कारण गेली साडेतीन वर्षं मी ते रोज ऐकतोय. "परत पुण्यात येऊन अशी माघारी फिरलीस, तर या घराची पायरी चढू नगंस."

मग, "बरं, दादा." फोन बंद.

बाकीची विमानं त्या दिवशी उतरली होती का? नव्हती. तासभर एकही उतरलं नव्हतं. पण ते बघायची तसदी कोण घेतो? कौशल्या त्या दिवशी मला म्हणाली, "अहो, पोरीला बोलू तरी द्यायचं." मी तिच्यावरही ओरडलो.

पाच महिने इंदू घरी आली नाही. दिवाळीला ड्यूटी आहे म्हणाली. आईशी बोलायची, माझी चौकशी करायची, मी फोन घ्यायचो नाही. मग जानेवारीच्या नऊ तारखेला सकाळी आईला फोन, "दादांना सांग, आज दुपारी तीनला पुण्यात उतरतेय. आभाळ मोकळं आहे."

मी कुणाला बोलावलं नाही. मी आणि नवनाथ, दोघंच गच्चीवर. तीनला पाच मिनिटं असताना विमान आलं. उन्हात चकाकत होतं. रोजच्या विमानांपेक्षा बरंच उंच होतं आणि वेगात होतं. नवनाथ म्हणाला, "दादा, लय उंच हाय रे." मी म्हणालो, "माझी पोरगी हाय ती. ऐटीत येणारच." दहा मिनिटांनी त्यानं मोबाइलमध्ये बघून सांगितलं, उतरलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू! संध्याकाळी गाड्यांच्या अड्ड्यावर मी पेढे वाटले. प्रत्येक ड्रायव्हरच्या हातावर पेढा ठेवून सांगत होतो, "बघितलं का, गेटला लागली गाडी."

इंदूचा फोन दोन दिवस बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी रिक्षानं आली. अंगावर साधा पंजाबी ड्रेस, हातात एक पिशवी. दारात आली आणि पायरीपाशी थांबली. माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "अगं ये की, थांबलीस का?" मला तेव्हाही कळलं नाही ती का थांबली ते. इतका मी शहाणा!

चहा झाल्यावर म्हणाली, "दादा, गच्चीवर चला. तुम्हाला एक दाखवायचंय."

आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आहे, पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत तिरकी उतरलेली. कौशल्या रोज कटकट करते, की कपडे घसरत जाऊन एका टोकाला गोळा होतात. इंदूनं त्या दोरीला एक चिमटा अडकवला.

"दादा, विमान आलं आणि उतरलं असं नसतं. टप्पे असतात. आधी लांबून ठरलेल्या वाटेनं यायचं, ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या उंचीवर. आपल्या बसला कसं मोशी, मग कुरुळी, मग निघोजे, तसं. मग वेग कमी करत करत धावपट्टीच्या रेषेत यायचं. आणि मग ही दोरी." तिनं चिमटा हळूहळू खाली सरकवला. "ही डोळ्यांना दिसत नाही. जमिनीवरून रेडिओच्या लहरी येतात. एकीवरून कळतं आपण डावीकडे गेलोय की उजवीकडे, दुसरीवरून कळतं वर आहोत की खाली. बाहेर काही दिसो न दिसो, समोरच्या काट्यांवर नजर ठेवून या दोरीवरून घसरत यायचं."

मधेच तिनं चिमटा थांबवला. "इथं हजार फूट. इथं सगळं जागच्या जागी पाहिजे, चाकं बाहेर, वेग बरोबर, दोरी बरोबर. नसलं तर उतरायचं नाही, वर जायचं. आणि ढग असले तर अगदी इथं," चिमटा कठड्याच्या वीतभर अलीकडे आला, "दोनशे फुटांवर आणखी एक खूण. इथं धावपट्टी दिसली तर उतरायचं. नाही दिसली तर वर. वर जाणं हासुद्धा एक टप्पाच आहे, दादा. कुठं वळायचं, किती उंच जायचं, सगळं आधीच छापलेलं असतं. उतरायला सुरुवात करण्याआधी आम्ही तो एकमेकांना वाचून दाखवतो. दोघांपैकी कुणीही एकानं 'गो-अराउंड' म्हटलं, की दुसऱ्यानं 'का' म्हणून विचारायचं नाही. वर न्यायचं."

मग ती ऑगस्टचं सांगायला लागली.

"ऑगस्टमध्ये विमान कॅप्टन चालवत होते. दुसऱ्या खेपेलाही दोनशे फुटांवर समोर नुसता पांढरा ढग. वीस-पंचवीस वर्षं उडवणारा माणूस, तरी त्यांना क्षणभर मोह झाला, अजून थोडं खाली जाऊन बघू. मी मोठ्यानं म्हटलं, गो-अराउंड. त्यांनी लगेच वर घेतलं. मुंबईत उतरल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, एकशे ऐंशी माणसं आज तुझ्यामुळं सुखरूप आहेत, जा, घरी फोन कर. तो फोन मी केला होता, दादा."

ती थांबली नाही. जानेवारीचं सांगायला लागली.

त्या दिवशी कॅप्टन दुसरे होते. वाटेत त्यांना जवळचा रस्ता मिळाला, त्यामुळं उंची जास्त राहिली, वेगही जास्त. नवनाथला उंच दिसलं ते म्हणूनच. हजार फुटांवर काहीच जागच्या जागी नव्हतं. इंदूनं दोनदा "स्पीड" म्हणून बजावलं. कॅप्टन म्हणाले, होईल, होईल. तिसऱ्या वेळी तिनं "गो-अराउंड" म्हणायला पाहिजे होतं. ते तिचं काम होतं. तिनं म्हटलं नाही. विमान धावपट्टीवर आदळलं, उसळलं, पुन्हा आदळलं. दोन टायर फुटले. पट्टी संपता संपता थांबलं. प्रवाशांना फार लागलं नाही. पण मागच्या दाराजवळच्या सीटवर मिनल नावाची हवाई सुंदरी होती, बावीस वर्षांची. तिच्या मणक्याला मार बसला.

मी पेढे वाटत होतो तेव्हा ती पोरगी दवाखान्यात होती.

"मग तू बोलली का न्हाईस?" मी विचारलं. खरंच विचारलं, मला कळतच नव्हतं.

इंदूनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. "आपली गच्ची नुकतीच मागे गेली होती, दादा. शब्द ओठावर आला होता. आणि तुमचा आवाज ऐकू आला."

मी चिमटा दोरीवरून काढला आणि खिशात घातला. खाली जाऊन बस अड्ड्यावर निघून गेलो. हो, पोरीला तिथंच सोडून. माफी मागायची ती वेळ होती. पण बाप माणूस पोरीची माफी मागतो होय? आमच्यात कुणी मागितलेली मी पाहिली नव्हती.

चौकशी झाली. चौकशीत तिला विचारलं, तू का बोलली नाहीस. तिनं माझं नाव घेतलं नाही. "माझ्याकडे कारण नाही," एवढंच म्हणाली. कंपनी तिला काही महिने घरी बसवून, पुन्हा शिकवून परत घेणार होती. हिनंच राजीनामा दिला. आईला म्हणाली, "ज्या तोंडातून तो शब्द वेळेवर निघाला नाही, ते तोंड घेऊन मी त्या सीटवर बसणार नाही." नाशिकला एका क्लासमध्ये वैमानिक होऊ बघणाऱ्या पोरांना शिकवायला लागली. मिनल वर्षभरानं चालायला लागली, पण विमानात पुन्हा गेली नाही. तिच्याकडे इंदू महिन्यातून एकदा जाते.

घरी येते ना. दिवाळीला येते, माझ्यासाठी नाशिकचा चिवडा आणते, माझी बीपीची गोळी विचारते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कौशल्यानं मला एकदा सांगितलं होतं, की उडायचं थांबून तीन वर्षं झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं, त्याच्या आत गेली तर थोडक्यात होतं. "तुम्ही एक शब्द बोलला तर जाईल ती. तुमच्याच शब्दाला अडलीये." या जानेवारीच्या नऊ तारखेला तीन वर्षं भरत होती. मला तारीख पाठ होती. दसऱ्याला म्हटलं, दिवाळीत बोलू. दिवाळीत घरात पाहुणे होते. डिसेंबरात रोज सकाळी फोन हातात घ्यायचो, नाव काढायचो आणि खिशात टाकायचो. नऊ तारीख आली आणि गेली. मी फोन केला नाही.

वीस तारखेला पहाटे निघोज्याकडे धुकं पडलं. साधं नाही, हात पुढं केला तर बोटं दिसेनात असलं. सव्वासहाला समाधानचा फोन आला. लातूरकडचा ड्रायव्हर, नवीनच लागलेला, गाडीत बेचाळीस कामगार.

"दादा, कुरुळीच्या पुढं आलोय. काईच दिसंना बगा. मोहरं एक कंटेनर हुबा हाय वाटतंय, पर कुटं हाय ते कळंना."

वीस वर्षांची सवय. माझ्या तोंडात आलंच होतं, "घाल गाडी, गेटला लाव, मग बोल." खिशात हात गेला. हसाल तुम्ही, पण तो चिमटा मी अजून खिशात ठेवतो.

"समाधान," मी म्हणालो, "जिथं हाईस तिथनं वळव. कुरुळीच्या पेट्रोल पंपात गाडी लाव. धुकं उठल्याबिगर हलायचं न्हाई."

"पर शिफ्ट चुकंल की. गाडी म्हागारी फिरली म्हनतेल लोकं."

"म्हनूंदेत. कंपनीशी मी बोलतो."

तो हळूच म्हणाला, "दादा, तुमी चिडनार न्हाई ना?"

धुकं साडेआठला उठलं. तो कंटेनर बंद पडून रस्त्याच्या मधोमध उभा होता, दिवे न लावता. समाधाननं फोटो पाठवला. मी गच्चीवर जाऊन बसलो आणि नाशिकला फोन लावला. या वेळी लागला, कारण मी तो परत खिशात टाकला नाही.

सगळं सांगितलं. धुकं, कंटेनर, पंप. मग म्हणालो, "इंदू, त्या दिवशी तू बरोबर होतीस. मी चुकलो. मिनलच्या पाठीचं पाप माझ्या डोक्यावर हाय, तुझ्या न्हाई. मला माफ कर, बाळा. नऊ तारखेच्या आत बोलायला पायजे होतं, ते बी जमलं न्हाई मला. आता परत पहिल्यापासून शिकायचं म्हनलीस तरी मी..."

"दादा," ती मधेच म्हणाली, "माझ्याकडे आता बारा पोरं आहेत शिकायला. पहिल्या दिवशी मी त्यांना उभं करते आणि मोठ्यानं 'गो-अराउंड' म्हणायला लावते. दहादा, वीसदा. हसतात, पण म्हणतात. आता मी इथंच बरी आहे."

वरून एक विमान गेलं, उंची बरोबर होती.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "समाधान काय म्हणाला, गाडी वळवायच्या आधी?"

"म्हनला, दादा, तुमी चिडणार न्हाई ना?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, न्हाई रे बाबा. माणसं सुखरूप हाईत ना, मग झालं."

पलीकडे वर्गात पोरं आल्याचा आवाज येत होता, बाकं सरकवल्याचा.

"मुंबईहून फोन केला होता, तेव्हा मला एवढंच ऐकायचं होतं, दादा," ती म्हणाली. "ठेवते. पोरं आलीत."